नवरा गेल्यानंतरचं पहिलं वर्ष: कोणतं काम आधी, कोणती सही सगळ्यात शेवटी

नवरा गेल्यावर घरात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक म्हणतात, “तू कशातच लक्ष घालू नकोस, आम्ही बघतो.” दुसरी कागद घेऊनच येतात. दोघांच्याही मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. पण वर्षभराने बँकेच्या काउंटरवर जी बाई फाइल घेऊन उभी राहते, तिचे पैसे अडकलेले असतात ते यांच्यापैकी कुणाचं तरी ऐकल्यामुळेच. मी बँकेत क्लेमचं टेबल सांभाळलंय. निवृत्तीनंतर ओळखीतल्या बायकांबरोबर तहसील, पीएफ ऑफिस, सोसायटी अशा फेऱ्या मारते. चुका त्याच त्याच दिसतात आणि बहुतेक चुका क्रमाच्या असतात.

क्रम असा: आधी स्वतःला उभं ठेवायचं, मग हक्काचं येणं पदरात घ्यायचं, मग कागदांवरची नावं बदलायची. वाटणी, विक्री, हक्कसोड (आपला हिस्सा लिहून सोडून देणं) यातलं काहीही वर्ष उलटल्याशिवाय नाही.

वारसाहक्काचं जे खाली लिहिलंय ते हिंदू कायद्याप्रमाणे आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. गोव्यात तर लग्नानंतरच्या सामाईक मालमत्तेत पत्नीचा अर्धा हिस्सा आधीपासूनच धरला जातो आणि वाटणी ‘इन्व्हेंटरी’ प्रक्रियेने होते. तिथल्या बायकांनी तिथल्याच वकिलाला विचारावं, महाराष्ट्रातल्या नातेवाइकाला नाही.

## टप्पा १: पहिले तेरा दिवस, फक्त चार कामं

औषधं चालू ठेवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि घरात कुणी नीट जेवत नाही, ही जोडी धोक्याची. उपाशीपोटी तोच डोस घेतला तर साखर झपाट्याने उतरते, घाम सुटतो, हातपाय कापतात, शुद्ध हरपते. आणि सगळे म्हणतात, दुःखाने चक्कर आली. जेवण जात नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस विचारा. बीपीची गोळी ‘आता कशाला’ म्हणून सोडू नका. छातीत दुखणं, धाप लागणं हे रडण्यामुळेच असेल असं धरून चालू नका. तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता कमजोर होण्याचा एक आजार आहे आणि तो पाळी गेलेल्या बायकांमध्येच जास्त दिसतो. लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात, त्यामुळे ईसीजी काढायलाच हवा.

त्यांचा फोन स्वतःच्या ताब्यात घ्या. पुतण्याला देऊ नका, सिम बंद करू नका, रिचार्ज संपू देऊ नका. पुढचे काही महिने त्या नंबरावर हप्त्याचे, एसआयपीचे (म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी रक्कम), विम्याच्या प्रीमियमचे मेसेज येत राहतील. घरात कुणालाच माहीत नसलेली पॉलिसी किंवा कर्ज असंच कळतं. त्या फोनवरून यूपीआयने पैसे मात्र काढायचे नाहीत. कारण बँकेच्या टप्प्यात येईल.

एक वही आणि एक माणूस. वहीत तारीख, कार्यालय, कोणत्या टेबलावरच्या माणसाशी बोलणं झालं, त्याने काय मागितलं, पोच मिळाली का, एवढं लिहायचं. डोकं जागेवर नसताना काल कोण काय म्हणालं हे आठवत नाही आणि ऑफिसात प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. सोबतीला बहीण, मैत्रीण, भाचा, कुणीही चालेल. अट एकच: मालमत्तेत ज्याचा हिस्सा आहे तो माणूस शक्यतो नको.

सही नाही. “वहिनी, इथे नुसती सही करा, फॉर्मॅलिटी आहे,” असं दीर म्हणाले तर उत्तर तयार ठेवा: “भाऊजी, कागद ठेवून जा, तेराव्यानंतर वाचून देते.” कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टँपपेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही तर कधीच नाही.

कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं यात तुमची इच्छा नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. भावकीतली म्हातारी माणसं अडून बसली तर “सरकारचंच तसं पत्रक आहे” एवढं वाक्य कधी कधी पुरतं.

> तपासा: औषधं चालू आहेत, फोन हातात आहे, वही सुरू झाली आहे, कशावरही सही झालेली नाही. एवढं झालं तर तेरा दिवसांत पुष्कळ झालं.

## टप्पा २: मृत्यूचा दाखला, आणि तोही बिनचूक

नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर दवाखाना कळवतो. घरी झाला असेल तर घरच्यांनी कळवायचं आणि ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र जोडायचं. २१ दिवस उलटले तर विलंब शुल्क, ३० दिवस उलटले तर वरिष्ठ निबंधकांची लेखी परवानगी. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

पहिली ठरलेली चूक: चुकीच्या ठिकाणी जाणं. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते. गाव साताऱ्याकडचं आणि मृत्यू पुण्याच्या दवाखान्यात, तर दाखला पुणे महापालिकेचा. गावच्या ग्रामसेवकाकडे चार फेऱ्या मारून उपयोग नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडते. छापण्याआधी नाव तपासलं जात नाही. आधार, पॅन, पासबुक आणि सातबारा समोर ठेवा आणि अक्षर अक्षर जुळवा. आधारवर ‘दत्तात्रय’, पासबुकावर ‘दत्तात्रेय’, दाखल्यावर नुसतं ‘दत्ता’ असं झालं की प्रत्येक टेबलावर वेगळं प्रतिज्ञापत्र मागतात. इंग्रजी स्पेलिंगही बघा. विमा कंपनीचा संगणक तेच वाचतो.

दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. मूळ प्रत कुणालाही कायमची देऊ नका, दाखवून परत घ्यायची. दवाखान्याचे केसपेपर, डिस्चार्ज किंवा डेथ समरी आणि बिलं एका पाकिटात घाला. पॉलिसी तीन वर्षांच्या आतली असेल तर विमा कंपनी चौकशी करते आणि तेव्हा हेच मागते.

> सावध: मृत्यू अपघाती असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती पोलिसांकडून लगेच मिळवा. रस्ता अपघाताचा भरपाई दावा सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणात दाखल करावा, अशी कायद्यात तरतूद आहे. शेतकरी कुटुंबातला अपघाती मृत्यू असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे दोन लाख असतात आणि त्याचा प्रस्ताव ३० दिवसांत द्यायचा असतो. तेरावं होईपर्यंत थांबलात तर निम्मी मुदत गेलेली असते, म्हणून हे एक काम सोबतच्या माणसावर सोपवा.

## टप्पा ३: आता तुमची स्वतःची कागदं

त्यांचा दाखला मिळाला की सगळे क्लेमच्या मागे लागतात आणि अडतात ते बायकोच्या नावावर. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकावर ‘सौ.’ लावलेलं नाव, पॅन काढलेलंच नाही. हे आधी निस्तरा.

- तुमच्या एकटीच्या नावाचं बचत खातं उघडा, आधार आणि पॅन जोडून. सगळे क्लेम याच खात्यात येतील. दीर, भाऊ किंवा मुलगा यांच्यासोबतचं जोडखातं या कामासाठी वापरू नका.
- आधारला तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर लावा. बहुतेक घरांत बायकोच्या आधारलाही नवऱ्याचाच नंबर असतो.
- लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर ती आता होणं कठीण. रेशनकार्ड, तुमच्या आधारवर किंवा मतदार ओळखपत्रावर असलेलं पतीचं नाव, मुलांचे जन्मदाखले, त्यांच्या नोकरीतल्या फॉर्मवरचं तुमचं नाव, असे पुरावे गोळा करा.
- माहेरचं आणि सासरचं नाव एकाच व्यक्तीचं, असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागतं. भागत नसेल तर राजपत्रात नावाची जाहिरात द्यावी लागते.

## टप्पा ४: येणं काय काय आहे ते शोधा

घाई न करता, बसून करायचं काम. गेल्या दोन वर्षांची सगळी पासबुकं भरून घ्या आणि पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचा. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना: कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख. त्याच सुमारास २० रुपये गेलेले दिसले तर सुरक्षा विमा योजना: अपघाती मृत्यूला दोन लाख. ही ओळ मी कितीतरी पासबुकांत दाखवलीय, आणि घरच्यांना दर वेळी नवल वाटतं, कारण खातं उघडताना कुणीतरी फॉर्मवर टिक केलेली असते आणि घरी सांगायचं राहून जातं. बँक स्वतःहून फोन करून कळवत नाही. मागावं लागतं.

याशिवाय शोधायचं ते असं:

- दर महिन्याला किंवा वर्षातून एकदा त्याच तारखेला जाणारी कोणतीही रक्कम. बहुतेक वेळा तो विमा, एसआयपी किंवा अटल पेन्शन असते. अटल पेन्शनमध्ये जोडीदाराला खातं पुढे चालवता येतं.
- पगार खात्यावर आणि रुपे कार्डावर अपघात विमा आहे का. तोंडी नको, शाखेला लेखी विचारा.
- घर, गाडी, बचतगट किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर त्याला जोडलेला विमा. कर्ज देताना प्रीमियम कापून घेतलेला असतो आणि नंतर तो कुणालाच आठवत नाही. मंजुरीपत्रावरचा वजावटीचा रकाना बघा.
- विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घेतलेली पॉलिसी. पॉलिसीवर तसा शिक्का किंवा उल्लेख असतो. हे पैसे पत्नी-मुलांचे, सावकार किंवा बँक त्यावर हात टाकू शकत नाही.
- पतपेढी, सहकारी बँक, दूध संघ, साखर कारखाना यांचे शेअर्स आणि ठेवी. कपाटातल्या पावत्या फाडू नका, कितीही जुन्या दिसल्या तरी.

> सावध: वर्तमानपत्रात निधनवार्ता आली की फोन सुरू होतात: “मॅडम, सरांची पॉलिसी मंजूर झालीय, फक्त प्रोसेसिंग फी भरा.” क्लेम देण्यासाठी विमा कंपनी पैसे मागत नाही. फोन ठेवा आणि शाखेत जा.

## टप्पा ५: बँक

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

एटीएमने पैसे काढू नका. पिन माहीत असतो, घरात खर्च असतो, हात जातो. पण मृत्यूनंतर त्यांच्या एकट्याच्या खात्यातून कार्डाने किंवा यूपीआयने काढलेली रक्कम स्टेटमेंटवर तारखेसह दिसते. पुढे सासरच्या कुणी हरकत घेतली तर तुमच्याच हक्काच्या पैशाचा खुलासा तुम्हाला देत बसावं लागतं. तातडीची गरज असेल तर माहेरून उसने घ्या आणि वहीत लिहा.

खातं कोणत्या प्रकारचं, ते आधी विचारा. जोडखातं आणि ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला’ अशी नोंद असेल तर दाखला देऊन पैसे तुम्हाला मिळतात. एकट्याचं खातं आणि तुम्ही नॉमिनी असाल तर क्लेम फॉर्म, दाखला आणि ओळखपत्र एवढंच लागतं. या दोन्ही प्रकारांत बँकेने कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे. तरी एखादा अधिकारी मागतो. “लेखी द्या, कोणत्या नियमाने मागताय” म्हटलं की सूर बदलतो. सगळी कागदं पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत क्लेम निकाली काढायचा असतो. त्यासाठी पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. पोच नसेल तर ते १५ दिवस कधीच सुरू होत नाहीत.

नॉमिनीही नाही आणि जोडखातंही नाही, तेव्हा सगळ्या वारसांच्या सह्या, हमीपत्र, प्रतिज्ञापत्र लागतं, आणि रक्कम मोठी किंवा वाद असेल तर कोर्ट.

मुदत ठेव असेल तर ती मुदतीआधी मोडली म्हणून दंड कापू देऊ नका. ठेवीदाराच्या मृत्यूनंतर तो लागत नाही.

खातं बंद करायची घाई नको. आधी पगाराची बाकी, विम्याचा परतावा, लाभांश, आयकराचा रिफंड त्यात येऊ द्या. त्यांचं त्या वर्षाचं आयकर विवरणपत्र वारस म्हणून तुम्हाला भरता येतं. रिफंड असेल तर ते भरायलाच हवं.

नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. नॉमिनीने पैसे घ्यायचे आणि वारसांच्या वतीने सांभाळायचे, असाच सर्वसाधारण नियम आहे. तुम्ही नॉमिनी असाल तर सासूबाईंचा आणि मुलांचा हिस्सा संपत नाही. आणि सासरे किंवा दीर नॉमिनी राहिले असतील (लग्नाआधी उघडलेल्या खात्यांत हे सर्रास असतं) तर तुमचाही संपत नाही.

> तपासा: प्रत्येक क्लेमची शिक्क्याची पोच वहीत चिकटवली आहे का? नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका, आधी परत जाऊन पोच आणा.

## टप्पा ६: नोकरी, पीएफ, पेन्शन

खासगी नोकरीत असतानाच मृत्यू झाला तर चार वेगवेगळी येणी असतात आणि एचआर बहुतेक वेळा एकाचंच बोलतं. पहिलं, पीएफची जमा रक्कम. दुसरं, ईडीएलआय, म्हणजे पीएफला जोडलेला आयुर्विमा. तो कमाल सात लाख असतो, सलग वर्षभर नोकरी झालेली असेल तर किमान अडीच लाख, आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीच कापलेलं नसतं, म्हणून तो लक्षात राहत नाही. तिसरं, विधवा पेन्शन: पेन्शन योजनेत एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला हक्क मिळतो. “दहा वर्षं झाली नव्हती, पेन्शन नाही” हे उत्तर मृत्यूच्या प्रकरणात लागू नाही. शिवाय २५ वर्षांखालच्या दोन मुलांनाही त्यात पेन्शन असतं. चौथं, ग्रॅच्युइटी. इथेही पाच वर्षं पुरी होण्याची अट मृत्यूला लागत नाही.

सरकारी नोकरी असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनासोबत अनुकंपा नियुक्तीचा अर्ज कधीपर्यंत द्यायचा, हे आस्थापना शाखेत पहिल्याच भेटीत विचारून वहीत लिहा. मुलगा मोठा झाल्यावर बघू, म्हणून ठेवू नका.

कंपनीची मेडिक्लेम असेल तर ती कोणत्या तारखेला संपते आणि वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का, तेही त्याच भेटीत विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यासाठी रेशनकार्ड लागतं, तेव्हा रेशनकार्डावरचं त्यांचं नाव कमी करताना तुमचं आणि मुलांचं नाव नीट राहिलंय ना, ते नव्या कार्डावर बघून घ्या.

## टप्पा ७: सातबारा आणि घर

शेतजमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा. तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर. सोबत दाखला, सातबारा, आठ-अ आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात.

फेरफार मंजूर झाला की पेढे वाटण्याआधी नवा सातबारा काढून डावीकडचा भोगवटादाराचा रकाना बघा. तुमचं नाव तिथे हवं, मुलांच्या आणि सासूबाईंच्या नावांबरोबर. पुष्कळदा काय होतं? मुलाचं नाव डावीकडे भोगवटादार म्हणून चढतं, आणि बायको आणि मुली उजवीकडे ‘इतर हक्क’मध्ये जातात. “नाव लागलं ना ताई,” असं तलाठी म्हणतो, आणि नाव खरंच लागलेलं असतं. पण व्यवहारात डावीकडच्याच नावाला विचारतात. कर्ज, नुकसानभरपाई, भूसंपादनाचा मोबदला सगळं तिथूनच सुटतं. असं झालं असेल तर लगेच, मुदतीत, प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करा. दहा वर्षांनी दुरुस्ती करणं म्हणजे दिवाणी दावा. मुलं अज्ञान (१८ च्या आतली) असतील तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईचंच नाव लागलंय का, काकाचं नाही ना, हेही पाहा.

हिस्सा किती? नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि नवऱ्याची आई यांना सारखा वाटा. दोन मुलं आणि सासूबाई असतील तर चौघांना पाव-पाव. सासरे पहिल्या वर्गाच्या वारसांत येत नाहीत. सासूबाई येतात, आणि त्यांना वगळून अर्ज केला तर हरकत येणारच. वडिलोपार्जित जमिनीत आधी नवऱ्याचा हिस्सा काढावा लागतो. तो हिशोब वकिलाकडून करून घ्या.

फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवा, नॉमिनेशनची नोंद वहीत बघायला मागा, शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलून घ्या. मेंटेनन्स थकवू नका, हस्तांतर त्यावरच अडवतात.

> सावध, सगळ्यात मोठी: हक्कसोडपत्र. “नाव एकाचं राहिलं की कर्जाला सोपं पडतं, नंतर बघू तुझं” असं सांगून पहिल्या सहा महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे नेतात. नोंदणीकृत हक्कसोड झाली की तो हिस्सा गेला. ती रद्द करायची तर कोर्टात फसवणूक सिद्ध करावी लागते. मुद्रांकाचा खर्च किरकोळ असतो, म्हणून काम किरकोळ वाटतं. आणि अज्ञान मुलांचा हिस्सा तर जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा सोडता येत नाही, आईलाही नाही.

घर सोडून जायला सांगत असतील तर जाऊ नका. नवऱ्यासोबत ज्या घरात राहत होतात तिथे राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिलेला आहे, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. महिला हेल्पलाइन १८१.

## टप्पा ८: कर्ज आणि वसुलीवाले

थोडक्यात: त्यांनी एकट्याने घेतलेलं कर्ज त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फिटायचं असतं. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तरच तुमच्या स्वतःच्या कमाईवर आणि स्त्रीधनावर ते येतं. आधी मूळ करारावर तुमची सही आहे का बघा, मगच हप्त्याचं बोला. “ताई, मी भरीन” असं तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर कबूल करू नका. सोनं मोडून कर्ज फेडण्याआधी विमा जोडलेला होता का, हे टप्पा ४ मध्ये तपासलंय ना?

## टप्पा ९: सरकारी मदत

तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत एकाच फेरीत दोन गोष्टी विचारा. कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं आणि कमावता माणूस ५९ वर्षांपर्यंतचा असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार. आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान, महिना १५०० रुपये. लाडकी बहीण चालू असेल तर दोन्ही एकत्र मिळत नाहीत, कोणतं ठेवायचं ते अर्जाआधी ठरवा.

मुलं १८ च्या आतली असतील तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना: प्रत्येक मुलामागे महिना २२५० रुपये. बायका ही योजना सोडून देतात, कारण नावावरून ती फक्त अनाथ मुलांची वाटते. एक पालक गेलेल्या मुलांनाही ती आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात.

## टप्पा १०: तिसऱ्या महिन्यापासून, तुमची तब्येत

येणारी माणसं कमी होतात, फोन थांबतात आणि खरा थकवा इथे सुरू होतो. कार्यालयांच्या फेऱ्यांसाठी नियम करा: एका दिवसाला एकच ऑफिस, तेही सकाळी. दुपारनंतर तिथे काम होत नाही आणि तुमच्यातही त्राण उरत नाही. आठवड्याचे दोन दिवस कोणताही कागद हातात घ्यायचा नाही.

झोप लागत नाही म्हणून शेजारणीच्या डब्यातली गोळी घेऊ नका. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते आणि अचानक थांबवल्या की त्रास वाढतो. उठण्याची वेळ तीच ठेवा, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको, सकाळी उन्हात अर्धा तास चाला. स्वयंपाक एकटीसाठी करवत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येकीची. चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या बायका मी पाहते. निदान वरण-भात आणि एक भाजी, ठरल्या वेळी. शेजारणीला म्हणा, आठवड्यातून दोनदा तू माझ्याकडे जेव, दोनदा मी तुझ्याकडे.

चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांची यात एक गफलत होते. अंगातून वाफा निघणं, छाती धडधडणं, चिडचिड, रात्री घामाने जाग येणं या सगळ्याला ‘दुःख’ म्हणून सोडून देतात. ती पाळी जाण्याची लक्षणं असू शकतात किंवा थायरॉइड. एकदा रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड. सोबत बीपी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, थेंबभर जरी, तरी त्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ. कागदपत्रं झाल्यावर जाते, असं म्हणायचं नाही.

दुःखाला तारीख नसते. सणाला, लग्नाच्या वाढदिवसाला ते उसळून येणारच, त्यात बिघडलेलं काही नाही. पण आंघोळ, जेवण, मुलांकडे बघणं आठवडेच्या आठवडे जमत नसेल, सतत स्वतःलाच दोष देणं चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगू नये असं वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं.

रोज काहीतरी शिका असा सल्ला लोक देतात. माझं मत, पहिल्या सहा महिन्यांत शिकायचं ते कामाचंच शिका: स्वतः यूपीआय वापरणं, वीजबिल भरणं, स्कूटर. छंद-बिंद नंतर.

> तपासा: सहा महिन्यांनंतर स्वतःच्या वहीतून मागे बघा. किती क्लेम आले, किती अडले, अडलेल्याला कोणता कागद हवा. एखाद्या ठिकाणी तीन महिने उत्तर नसेल तर लेखी तक्रार: बँक आणि विम्यासाठी लोकपाल, पीएफसाठी त्यांचं तक्रार पोर्टल, तहसीलसाठी ‘आपले सरकार’.

## टप्पा ११: वर्ष झाल्यावर

आता मोठे निर्णय. घर विकायचं का, मुलाकडे राहायला जायचं का, नोकरी किंवा पुन्हा लग्न करायचं का, जमिनीची वाटणी कशी. आलेले विम्याचे पैसे तोपर्यंत साध्या मुदत ठेवीत, दोन-तीन बँकांत विभागून ठेवलेले असावेत. बँक बुडाली तर ठेव विमा एका बँकेत पाच लाखांपर्यंतच असतो. एजंट झालेल्या नातेवाइकाने दुसऱ्याच महिन्यात गळ्यात मारलेल्या वीस वर्षांच्या पॉलिसीपेक्षा ही ठेव केव्हाही बरी. पुनर्विवाहाचा विचार असेल तर आधी पेन्शनचे नियम वाचा. पीएफची विधवा पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबते. वारसाने आलेला मालमत्तेतला हिस्सा मात्र जात नाही.

मुलाकडे जायचं ठरलं तर घर भाड्याने द्या, लगेच विकू नका. सून चांगली असली तरीही.

आणि एक काम, जे वर्ष झालं तरी जवळपास सगळ्यांकडून राहून गेलेलं असतं. तुमच्या स्वतःच्या खात्यांवर, पीपीएफवर, पॉलिसीवर, सोसायटीच्या वहीत नॉमिनी म्हणून अजून त्यांचंच नाव आहे. बँकेत जा, नॉमिनेशन बदलण्याचा फॉर्म भरा, पोच घ्या. मग दोन साक्षीदारांसमोर स्वतःचं मृत्युपत्र करा. त्याला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. साक्षीदार म्हणून ज्याला काही मिळणार आहे तो घेऊ नका. मृत्युपत्र कुठे ठेवलंय, ते एका माणसाला सांगून ठेवा.